उकडीचा मोदक आणि वाटीचे माप

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाकास शिस्त लागली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करितो. परंतु उकडीच्या मोदकापुढे कोणतेही माप लंगडे पडते. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना अधिक. वाटी मात्र दोघांस एकच न्याय देते! चिनी ‘ज्याओझी’ म्हणजे डुकराच्या मांसाचे कानवलेच (सारणाचा मुद्दा आम्ही वगळतो). त्यांची कणीक, कमरीपेठेतल्या कडबूंच्या कणकेप्रमाणेच, मुळात चिवट. गार पाण्यात मळून विसावा दिला की पुरे. तांदळाच्या पिठात तो चिवटपणा नाही, म्हणून ते आधणातच शिजवावे लागते. कळी पाडताना पारी चिरलीच, तर आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायका वाटी शोधीत नाहीत. हातास पाणी लावून उकड पुन्हा मळावयास घेतात.