तारामतीने वाचवलेलं नाव

निळू फुले पडद्यावर आले की थिएटरातल्या बायका बोटं मोडायच्या, हे तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात सोबत उभा राहिलेला. पण प्रेक्षकांना ते सांगून काय फरक पडणार होता? फारसा का पडत नाही, याचं एक उत्तर समाज-मानसशास्त्रात आहे.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना फिडेल कॅस्ट्रोबद्दलचे निबंध वाचायला दिले, काही बाजूचे, काही विरोधातले. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं, की लेखकाने ही बाजू निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही बाजूने लिहिणारा मनातूनही थोडा कॅस्ट्रोकडे झुकलेला असणार, असाच अंदाज वाचकांनी बांधला. खुलाशाने अंदाज सैल झाला, पण पुसला गेला नाही. आता बघा, नटाची भूमिका म्हणजे अशी नेमून दिलेली बाजूच की!

हे डोक्यात ठेवून 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र वाचा. प्रतिष्ठित घरातल्या दुर्गाबाई पैशांची गरज म्हणून १९३१च्या 'फरेबी जाल'मध्ये छोट्या कामाला उभ्या राहिल्या. सिनेमा सवंग निघाला आणि बोभाटा त्यांच्या नावाचा झाला. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या, आणि तेच नाव लोक आदराने घेऊ लागले.

या भागाचं नेहमीचं वाचन 'डाग पुसला गेला' असं असतं. मला ते अपुरं वाटतं. लोकांनी आपली चूक सुधारलीच नव्हती. तीच चूक उलट्या दिशेने केली. आधी सवंग सिनेमातली बाई सवंग ठरली, मग पतिव्रता रंगवणारी बाई सोज्वळ ठरली.

प्रयोगाची मर्यादाही इथेच दिसते. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण कामाला बाई मिळेना. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही तेच. त्यावरून त्यांचं शील कुणी तोलत बसलं नाही. अंदाज कसा चुकतो हे प्रयोगातून कळतं. त्या चुकीची किंमत कोणाकडून वसूल होते, हे कळत नाही. निळूभाऊंना पडलेल्या शिव्या अभिनयाची पावती ठरल्या. दुर्गाबाईंचा बोभाटा मात्र थेट घरच्या अब्रूपर्यंत गेला.

म्हणून 'इमेज सांभाळा, भूमिका जपून निवडा' हा नव्या अभिनेत्रींना मिळणारा सल्ला तपासून घ्यायला हवा. दुर्गाबाईंनी तो तंतोतंत पाळला असता, तर जन्मभर तारामतीच करत बसल्या असत्या. त्याऐवजी १९३६च्या 'अमरज्योती'त त्या समुद्रावरच्या बंडखोर चाच्यांची राणी झाल्या. पुढे निर्मितीत उतरल्या. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' त्यांच्याच संस्थेची.

नाव सांभाळायचं सगळं ओझं कलाकारावर टाकणं सोपं आहे. पण अंदाज बांधतो आपण. मालिकेतल्या एखाद्या खलनायिकेबद्दल 'ही असलीच असणार' असं तोंडात आलं, की आधी स्वतःला विचारा: ही बाजू तिने निवडली होती, की तिला नेमून दिली होती?