सही होती, संमती होती का? हेन्रिएटा लॅक्सवरचं पुस्तक बीडमध्ये वाचताना

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्या भागात केळीची रोपं डोळ्यांपुढे येतात. माणसाच्या पेशीही प्रयोगशाळेत अशाच वाढवतात. बशीत पोषकद्रव घालायचं, त्यात बहुधा गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम मिसळायचं, 37 अंश तापमान ठेवायचं, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सोडायचा. मग पेशी तळाला चिकटून वाढू लागतात. सर्वसाधारण मानवी पेशी पन्नासेक वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं. न थांबणाऱ्या पहिल्या मानवी पेशी त्याआधीच, 1951 साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या होत्या. हेन्रिएटा लॅक्स या पाच लेकरांच्या कृष्णवर्णीय आईच्या गर्भाशयमुखावरच्या गाठीतल्या त्या पेशी. बाई त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला गेली. पेशी ‘हेला’ या नावानं आजही वाढताहेत. पोलिओच्या लशीची चाचणी त्यांच्यावर झाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातही त्या आहेत.

या बाईवर रिबेका स्क्लूट यांनी 2010 मध्ये ‘द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’ हे पुस्तक लिहिलं. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगतो. विज्ञान इतक्या सोप्या भाषेत सांगणं आम्हाला चाळीस वर्षं शिकवून जमलं नसतं. मुलगी डेबोरा आईच्या पेशी पहिल्यांदा पाहते, ते पान वाचताना आम्ही थांबलो.

पण दोन ठिकाणी आम्हाला अडतं.

पहिलं ठिकाण नावातच आहे. अमर कोण? डेबोराला वाटतं, आईच जिवंत आहे. लेकीनं तसं म्हणावं, तो तिचा अधिकार. लेखिकेनं मात्र तो भाव शीर्षकावर चढवला आणि तपासला नाही. हेला पेशींत गुणसूत्रं 46 नाहीत, ऐंशीच्या आसपास आहेत. त्या हेन्रिएटाच्या देहातून आल्या, पण तिचा देह चालवणाऱ्या त्या नव्हेत. तिला मारणाऱ्या आहेत. न मरण्याला आपल्याकडे नुसतं वरदान समजत नाहीत. कपाळावरची जखम घेऊन फिरणारा अश्वत्थामा आपल्या आजीलाही माहीत होता. ‘अमर’ म्हटलं की वाचक सुखावतो, आणि एकतिसाव्या वर्षी गेलेली बाई जरा कमी मेल्यासारखी वाटते. हे आम्हाला मान्य नाही.

दुसरं ठिकाण अधिक गंभीर आहे. पुस्तकाच्या शेवटच्या भागात प्रश्न उरतात ते मुख्यतः दोन: तिला विचारलं का, आणि पैसा कुणी कमावला? दोन्ही रास्त आहेत. 2023 मध्ये थर्मो फिशर कंपनीनं लॅक्स कुटुंबाशी तडजोड केली, त्यामागे या पुस्तकानं जागवलेलं जनमत आहेच. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट नोंदलेली आहे: उपचाराआधी हेन्रिएटानं शस्त्रक्रियेच्या परवानगीचा कागद सही करून दिला होता. म्हणजे सही होती! लेखिका हा पुरावा हातात घेते आणि तसाच पुढे जाते.

आपल्या जिल्ह्यात तसं पुढे जाता येत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडमधल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. त्यांच्याकडून कागद लिहून घेतले नव्हते असं कुणी म्हणणार नाही. अंगठे असतील, सह्या असतील. पण अंगठा उमटला कुठून ते पाहा. उचल आधीच घेतलेली, कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, आणि एकानं खाडा केला तर पैसे कापले जाणार. पाळीच्या चार दिवसांत फडावर ना पाणी, ना आडोसा. वरून कुणी म्हणतो, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. त्या बाईनं ‘हो’ म्हटलं. त्याला संमती म्हणायचं का?

स्क्लूट यांच्या कसोटीवर इथं काही चुकतच नाही: पेशी कुणी विकल्या नाहीत, बशीत वाढवल्या नाहीत. इथली कमाई पेशी जगवण्यात नव्हती, काढण्यात होती. म्हणून ही कसोटी अपुरी आहे, असं आमचं म्हणणं. कागदावर काय लिहिलंय एवढं विचारून भागत नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या बाईचं काय झालं असतं, हे विचारावं लागतं. हेन्रिएटाच्या वेळी तिच्यासारख्यांना घेणारी मोठी रुग्णालयं जवळपास फार नव्हती, तिथंही कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे होते. लेखिकेनं हे सुरुवातीला तपशिलानं लिहिलंय. शेवटी कायद्याची चर्चा करताना ते हातून निसटलं.

कुणी म्हणेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं गर्भाशयाबद्दल कशाला बोलावं? बरोबर आहे. म्हणूनच आम्ही इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ, आणि मागच्या रांगेतल्या बायांना आधी बोलू द्या.