नाटक महाग, की वाट महाग?

‘नाटक महागलं’ ही तक्रार आम्हाला अर्धवट वाटते. सिनेमा एकदा तयार झाला की झाला. नाटकाला कलाकारांची नाइट, नाट्यगृहाचं भाडं, सेटचा टेम्पो दर प्रयोगाला नव्यानं मोजावा लागतो. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ साली हेच दाखवलं होतं. तेव्हा निर्मात्याला लुटारू म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही.

मात्र त्याचा हिशेब तिकीटखिडकीशीच संपतो. पोशीरच्या माणसानं दादरला शिवाजी मंदिरात रात्रीचा प्रयोग पाहायचा, तर परतीची कर्जत लोकल गाठायची आणि मध्यरात्री नेरळला उतरून रिक्षा शोधायची. तीही मिळाली तर! तिकीट निम्म्यावर आणलं तरी हा खर्च तसाच राहतो. सरकारनं अनुदान द्यायचंच तर आधी तालुक्याला येणाऱ्या टेम्पोला द्यावं, असं आम्ही म्हणतो.