किटलीचे झाकण आणि मुलांचे संशोधक



आज आपण मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या शोधकथांविषयी बोलणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, तेव्हा यंत्रांच्या बाबतीत आमचा काय अधिकार, असे कुणी म्हणेल. पण शोध ‘लागतो’ म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आणि मुलांच्या पुस्तकांनी, तो प्रश्न कधी न विचारता, त्याचे उत्तर मात्र देऊन टाकले आहे. त्या उत्तराची तपासणी करावी, एवढाच आजचा हेतू.

सुरुवात भाषेपासून करू. कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला, न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, एडिसनने विजेच्या दिव्याचा शोध लावला. तिन्ही वाक्ये आपण शाळेत पाठ केलेली आहेत. आता बघा, अमेरिका होतीच, तिथे माणसेही राहत होती. फळे न्यूटनच्या आधीही खालीच पडत होती. त्याने दिला तो नियम. आणि दिवा? तो तर आधी नव्हताच, तो घडवावा लागला. आधी असलेले सापडणे, दिसणाऱ्याचा नियम कळणे आणि नसलेले घडवणे ही तीन वेगळी कामे आहेत. मराठीत तिन्हींना एकच क्रियापद: शोध लावणे. मोठ्यांचे यात काही बिघडत नाही, संदर्भाने कळते. मुलाच्या मनात मात्र असे चित्र तयार होते की, दिवासुद्धा कुठेतरी तयारच होता, फक्त एडिसनला तो पहिल्यांदा सापडला. म्हणजे शोध हे नशीब झाले, किंवा दैवी बुद्धी झाली. काम कुठेच उरले नाही.

याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे जेम्स वॅटची किटली. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: लहानगा वॅट चुलीजवळ बसला होता, किटलीचे झाकण वाफेने उडताना त्याने पाहिले आणि वाफेच्या इंजिनाचा शोध लागला. गोष्ट गोड आहे. पण तिच्यात दोन अडचणी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा गंभीर आहे.

पहिली अडचण तारखेची. वॅटचा जन्म १७३६ चा. थॉमस न्यूकोमेन नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचे वाफेचे इंजिन १७१२ सालापासून इंग्लंडमध्ये खाणींतले पाणी उपसत होते. म्हणजे वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षे!

दुसरी अडचण विज्ञानाची. किटलीचे झाकण वाफ वर ढकलते. न्यूकोमेनच्या इंजिनात जोर वाफेच्या ढकलण्याचा नव्हताच. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होते, आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. काम करते ती हवा. तेव्हा किटलीची गोष्ट सांगून आपण मुलाला इतिहास तर चुकीचा सांगतोच, वर यंत्रही चुकीचे समजावतो.

मग प्रत्यक्षात झाले काय? वॅट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर होता. १७६३-६४ च्या सुमारास न्यूकोमेनच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. दुरुस्त केली तरी ती काही फेरे मारून थांबे; बॉयलरची वाफ पुरत नसे. आपल्यापैकी बहुतेकांनी ‘मॉडेलच भिकार आहे’ म्हणून ते कपाटात ठेवले असते. वॅटने विचारले, एवढी वाफ जाते कुठे?

हे मुलांना समजावणे मुळीच कठीण नाही. स्वयंपाकघरात चला. समजा, एका बाईने असा नेम केला की, प्रत्येक भाकरी झाली की तवा नळाखाली धरून गार करायचा आणि पुढच्या भाकरीसाठी पुन्हा तापवायचा. सरपण किती लागेल? न्यूकोमेनच्या सिलिंडरचे हेच होत होते. दर फेऱ्याला तो गार व्हायचा, दर फेऱ्याला तापवावा लागायचा, आणि बरीचशी वाफ त्यातच संपायची. १७६५ साली वॅटला उपाय सुचला: वाफ गार करायचीच आहे, तर ती दुसऱ्या भांड्यात नेऊन गार करावी, सिलिंडर कायम गरमच राहू द्यावा. तवा चुलीवरच ठेवावा, गार करायचे ते बाजूला.

आणि गोष्ट इथेही संपत नाही, बरं का. पेटंट १७६९ चे, पण धंद्यात उतरलेली इंजिने चालू झाली १७७६ साली. मधली वर्षे गेली कशात? पैशात आणि सिलिंडरच्या गोलाईत. दट्ट्या घट्ट बसेल असा नेमका गोल मोठा सिलिंडर कुणाला करताच येत नव्हता. मॅथ्यू बोल्टनने भांडवल घातले आणि जॉन विल्किन्सनने, तोफा कोरण्याच्या तंत्रात सुधारणा करून, सिलिंडर नीट कोरून दिला. सांगा, या कथेत ‘शोध कोणी लावला’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर आहे का? पण सामान्यज्ञानाच्या तक्त्यात डावीकडे शोध, उजवीकडे संशोधक, आणि मधे फक्त एक रेघ असते. सगळे विज्ञान त्या रेघेत गाडले गेलेले आहे.

आमचा आक्षेप नावांना नाही, ‘पहिला कोण’ या एकाच प्रश्नाला आहे. तो प्रश्न स्वदेशी झाला तरी सुधारत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तिला समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी ती जोडली जाते, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. पण आमची तक्रार आणखी वेगळी आहे. तळपदे की राइट बंधू, या वादात विमान हवेत तोल कसा सांभाळते हे कुणीच मुलाला सांगत नाही. विल्बर राइटने १८९९ साली एक पुठ्ठ्याचे खोके हातात धरून पिळले आणि पंख असेच पिळून तोल सावरता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. खोके प्रत्येक घरात असते. मुलाच्या हातात ते द्या, पिळू द्या. १९०१ साली त्यांचे ग्लायडर अपेक्षेएवढे उचलले जाईना, तेव्हा दोघा भावांनी वाऱ्याचा बोगदा बनवला आणि छोटे छोटे पंख त्यात तपासले. मग कुठे १७ डिसेंबर १९०३ चे ते बारा सेकंद!

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मुलांना अडचणी सांगितल्या तर ती कंटाळतील, त्यांना चमत्कार हवा असतो. न्यूयॉर्कमध्ये नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काहींना आइनस्टाइन, मेरी क्यूरी, फॅरेडे यांचे केवळ पराक्रम वाचायला दिले, काहींना त्यांच्या अडचणी. ज्यांनी अडचणी वाचल्या त्यांचे विज्ञानातले गुण सुधारले, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा अधिक लाभ झाला. यात नवल नाही. प्रतिभेची गोष्ट ऐकून साधारण मूल इतकेच शिकते की, हे आपले काम नव्हे. अडलेल्या माणसाची गोष्ट त्याला ओळखीची वाटते. तेही रोज गणितात अडलेले असते.

आपल्या घरातले उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. लोखंडी नांगर त्यांनी जगात प्रथम केला नाही, म्हणून तक्त्यात त्यांना ओळ नाही. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना तो नांगर इथे बनवणे, विकणे आणि इथल्या मातीत चालवून दाखवणे, यात मुलांनी शिकावे असे किती आहे! माती, बैल, धातू, आणि माणसाचा अविश्वास. शेवटची अडचण कुठल्याच प्रयोगशाळेत सुटत नाही.

जाता जाता पुन्हा भाषेकडे येऊ. ‘संशोधन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्ध करणे, दुरुस्त करणे. हिंदीत आजही कायद्यातल्या दुरुस्तीला ‘संशोधन’ म्हणतात. आपली भाषा मुळात बरोबर बोलत होती. संशोधक म्हणजे दुरुस्ती करणारा. वॅटकडे प्रतिकृती आली तीही दुरुस्तीलाच. अरविंद गुप्ता पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून मुलांकडून खेळणी करवून घेत होते, त्यातही हेच तत्त्व होते: हाताला काहीतरी अडले पाहिजे.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना आमची विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी मुलाला संशोधकाची गोष्ट सांगाल तेव्हा नाव शेवटी सांगा. आधी सांगा, काय बिघडले होते. मग थांबा, आणि त्यालाच विचारा: तू असतास तर काय केले असतेस? त्याचे उत्तर बहुधा चालणार नाही. का चालणार नाही, ते दोघांनी मिळून शोधावे. वॅटचे नाव त्यानंतर आले, तर ते मूल विसरणार नाही.

 आता प्रश्न घेऊ.