आनंदीबाईंची एसओपी

श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ची, समीर विद्वांस यांचा चित्रपट २०१९चा. दोन्हींचं नाव एकच, ‘आनंदी गोपाळ’. नावातच निम्मी जागा नवऱ्याला. त्यात खोटं काही नाही. गोपाळरावांच्या हट्टाशिवाय ही गोष्ट सुरूच झाली नसती. पण त्यामुळे आनंदीबाई म्हणजे कुणीतरी शिकवलेली, कुणीतरी पाठवलेली मुलगी, असंच आपल्या मनात बसलंय. त्यांनी स्वतः लिहिलेला एक मजकूर मात्र आपण साहित्य म्हणून क्वचितच वाचतो. २८ जून १८८३ या तारखेचं, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात प्रवेश मागणारं पत्र. आजच्या भाषेत, त्यांची एसओपी.

त्याआधी एक पत्र गोपाळरावांचं होतं. १८७८मध्ये त्यांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं: बायकोला शिक्षण आणि मला काम मिळेल का? उत्तरात धर्मांतराची अपेक्षा आली. पाच वर्षांनी आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या. निघण्याआधी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं होतं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन.

मग अमेरिकेत पोचल्यावर हा अर्ज. वय अठरा. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण करत नाही, हे त्या लपवत नाहीत. आपली गोष्ट वेगळी आहे, सांभाळून घ्या, म्हणतात. तब्येत चांगली आहे, असंही लिहितात. (२६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या, हे माहीत असताना ते वाक्य वाचवत नाही.) आप्तमित्र आणि जात यांचा विरोध मोडून आलेय, तोच निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशोब आहे.

या पत्राचा कच्चा दुवाही सांगायला हवा. देशातल्या गरीब, दुःखी बायकांचा त्यातला उल्लेख अमेरिकन वाचकाला ऐकायला आवडणारा होता. दया विकली जाते, हे तेव्हाही खरं होतं. पण आनंदीबाई तिथे थांबत नाहीत. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा या बायका मरण पत्करतात, म्हणून बाई डॉक्टर हवी, असं त्या लिहितात. इथे दया संपते आणि कारण सुरू होतं. अडचण नेमकी कोणती, ती मीच का सोडवू शकते आणि त्यासाठी तुमचं कॉलेज का हवं, हे सगळं त्यात येतं.

परभणीत बसून हे पत्र वाचायचं कारण हेच. इथल्या कृषी विद्यापीठातून किंवा गंगाखेड-जिंतूरकडून परदेशी अर्ज करणाऱ्या पोरापोरींच्या हातात आज तयार टेम्पलेट असतं. ‘लहानपणापासून माझं स्वप्न होतं’ने सुरुवात, ‘मागास दुष्काळी भागातून आलोय’ हा मधला परिच्छेद, शेवटी विद्यापीठाचं कौतुक. त्यात परभणीच्या जागी कुठलाही जिल्हा टाका, एक शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे गरिबी आली, गाव आलंच नाही.

खरं तर सांगण्यासारखं इथे भरपूर आहे. ‘परभणी शक्ती’ हे जास्त लोह आणि जस्त असलेलं ज्वारीचं वाण २०१८मध्ये याच विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत आणलं. घरातल्या बायकांच्या अंगात रक्त कमी आणि ताटात ज्वारीची भाकरी, हे रोज पाहिलेल्या मुलीने या वाणावर चार ओळी लिहिल्या, तर तिला स्वप्नाची सजावट लागणार नाही. तिचा प्रश्न तिचाच असेल.

आपल्यावर कादंबरी किंवा सिनेमा निघेल तेव्हा नावात कुणाला जागा द्यायची, ते दुसरंच कुणी ठरवेल. अर्ज मात्र आपल्या हातात असतो. आनंदीबाईंनी तो एजंटाला दिला नव्हता, गोपाळरावांनाही नाही.