गप्पांचा कोश

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा बोलण्याचा संग्रह आहे, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरून जातो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, गोळा केल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. जेवणाखाणातील, वाटेवरील मुक्कामातील, सहज निघालेल्या प्रश्नोत्तरांतील ती बोली सातशे वर्षांनंतरही ताजी वाटते. असे असता, गप्पा या प्रकाराकडे आपल्या टीकेने फारसे लक्ष दिलेले नाही. ओव्या जमविल्या गेल्या, उखाणे आणि म्हणी जमविल्या गेल्या; परंतु बंद पडलेल्या मोटारीचे बॉनेट उघडून दोन माणसे रस्त्याच्या कडेला जे बोलतात, त्याचा संग्रह करावा असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. यंत्राविषयीचे बोलणे म्हणजे उपयोगाचे बोलणे, आणि उपयोगाचे ते वाङ्मय नव्हे, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा.

हा हिशेब चुकीचा आहे, असे दाखवून देणारा एक ग्रंथ अमेरिकेत तयार झाला आहे. त्याचे मूळ नाव ‘जार्गन फाइल’. 1975 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत राफाएल फिंकेल यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दांची एक यादी करावयास घेतली. लवकरच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मंडळींनी तीत आपली भर घातली. 1983 साली गाय स्टील यांच्या संपादनाखाली ती ‘द हॅकर्स डिक्शनरी’ म्हणून छापली गेली, आणि 1991 साली एरिक रेमंड यांनी तिचा विस्तार करून ‘द न्यू हॅकर्स डिक्शनरी’ प्रसिद्ध केली; 1996 मध्ये या विस्तृत ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. ‘हॅकर’ हा शब्द आज वृत्तपत्रांनी चोराच्या अर्थी रूढ केला आहे. कोशातील अर्थ निराळा आहे: यंत्राच्या अंतरंगात शिरून त्याच्या शक्तीचा अंत पाहण्यात ज्याला आनंद वाटतो तो हॅकर. घरफोड्यासाठी या मंडळींनी ‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द योजला. आम्ही येथे हॅकर हा शब्द कोशाच्या अर्थानेच वापरणार आहोत.

कोश म्हटला की शब्द, अर्थ आणि व्युत्पत्ती एवढीच आपली अपेक्षा असते. या कोशातील नोंद तेवढ्यावर थांबत नाही. ती गोष्ट सांगू लागते. ‘बग’ म्हणजे किडा, म्हणजेच यंत्रातील दोष. या शब्दामागे एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. 1947 साली हार्वर्डच्या मार्क-टू या यंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. कोशकार ही हकिकत रंगवून सांगतात आणि लगेच बजावतात, की शब्द त्याहून जुना आहे. कारण नोंदवहीतील विनोद कळावयास तो आधीपासून माहीत असावा लागतो. आख्यायिकेचा रस घ्यावयाचा, पण तिच्यावर इतिहास म्हणून विश्वास ठेवावयाचा नाही, हा विवेक कित्येक विद्वान व्युत्पत्तिकारांनाही साधलेला नाही. ‘हायझेनबग’ हा शब्द पाहावा. शोधू जाताच जो दोष नाहीसा होतो, त्याला हायझेनबर्ग या पदार्थवैज्ञानिकाच्या अनिश्चिततेच्या सिद्धांतावरून हे नाव मिळाले. ज्याने कधी बिघडलेली वस्तू दुरुस्तीला नेली आहे आणि मिस्त्रीसमोर ती निमूटपणे चालू लागलेली पाहिली आहे, त्याला या शब्दाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

कोशाच्या प्रारंभी हॅकरांच्या बोलण्याच्या लकबींचे जे विवेचन आहे, ते आम्हांस विशेष मोलाचे वाटते. ही मंडळी क्रियापदाची द्विरुक्ती करून त्याचा उद्गार बनवितात. एका शब्दाचा प्रत्यय भलत्याच शब्दाला लावून हसतात. आणि यंत्राला सर्रास मनुष्यधर्म चिकटवितात. अमुक कार्यक्रम गोंधळला, तमुक यंत्राला हे आवडत नाही, असे ती बोलतात. यंत्रात जीव नसतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही ती तसे बोलतात. कारण अनेक भागांच्या परस्परक्रियेतून उद्भवणारे वर्तन थोडक्यात सांगावयाचे तर रागलोभाची भाषाच सोईची पडते. साहित्यशास्त्राने ज्याला चेतनगुणोक्ती म्हटले, तो अलंकार येथे शोभेसाठी आलेला नसून कामासाठी आला आहे.

या वृत्तीचा कळस दोन छोट्या कथांत दिसतो. एका कथेत टॉम नाइट हे जाणकार एका नवशिक्याला दटावतात, की बिघाड कोठे आहे हे समजून न घेता यंत्र नुसते बंद करून पुन्हा सुरू केल्याने ते दुरुस्त होत नसते. आणि मग स्वतः ते यंत्र बंद करून सुरू करतात, तो ते चालू लागते. दुसरी कथा गाय स्टील यांची. प्रयोगशाळेतील यंत्राच्या पेटीला एक बटण लावलेले होते. त्याच्या एका बाजूस ‘जादू’ आणि दुसऱ्या बाजूस ‘अधिक जादू’ असे लिहिलेले. बटणाला एकच तार जोडलेली. म्हणजे विजेच्या कोणत्याही नियमाने त्याचा काही परिणाम होणे शक्य नाही. परंतु ते ‘अधिक जादू’वरून ‘जादू’वर नेताच यंत्र कोसळले, आणि वर्षभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हाही कोसळले. स्टील थोडासा संभाव्य खुलासा देतात. तथापि कथेची गंमत खुलाशाने कमी होत नाही. ज्याने यंत्र घडविले त्यालाही ते पुरते कळलेले नसते, ही जाणीव शास्त्रीय लेखात सहसा मान्य केली जात नाही. ती मान्य करावयास गप्पाच लागतात.

ग्रंथातील सर्वश्रेष्ठ भाग म्हणून आम्ही एड नॅदर यांनी 1983 साली लिहिलेल्या ‘मेलच्या गोष्टी’कडे बोट दाखवू. मेल हा जुन्या पिढीचा प्रोग्रामर. त्या काळच्या यंत्राची स्मृती एका सतत फिरणाऱ्या ड्रमवर असे, आणि प्रत्येक आज्ञेत पुढच्या आज्ञेचा पत्ता लिहिलेला असे. मेल आपल्या आज्ञा ड्रमवर अशा पेरी की एक पुरी होते न होते तोच दुसरी वाचकाखाली येऊन उभी राहावी. हे काम आपोआप करणारे साधन त्याने नाकारले. त्याने पत्त्यांच्या खेळाचा एक कार्यक्रम लिहिला. यंत्र दाखविताना गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून त्याला जिंकू देणारी लबाडी त्यात घाल, असे त्यास सांगण्यात आले. त्याने नाइलाजाने ती घातली. पण अट उलटी पडली आणि लबाडी यंत्राच्याच फायद्याची झाली. मेलला याचा आनंदच झाला, आणि ती सुधारावयास त्याने साफ नकार दिला.

मेल नोकरी सोडून गेल्यावर ती चूक शोधण्याचे काम नॅदर यांच्याकडे आले. शोधता शोधता त्यांना एक आवर्तन आढळले, ज्यातून बाहेर पडण्याची अटच कोठे नव्हती. तरीही कार्यक्रम त्यातून सुखरूप बाहेर पडत होता. उलगडा होण्यास दोन आठवडे लागले. आज्ञेतील पत्ता वाढत वाढत स्मृतीच्या शेवटच्या घरापलीकडे गेला की त्याचा हातचा आज्ञेच्या क्रियादर्शक भागात शिरे. तिचे रूपच पालटून ती उडी मारण्याची आज्ञा होई आणि यंत्र नेमके हव्या त्या ठिकाणी जाऊन पोहोचे. हे पाहिल्यावर नॅदर यांनी शोध थांबविला आणि वरिष्ठांस, चूक सापडत नाही, असे सांगितले. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला दिलेली ही मानवंदना आहे. त्यात कौशल्य आहे, सचोटीचा पेच आहे, आणि नोकरीत राहून मान ताठ ठेवण्याची धडपड आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट परकी वाटत नाही. ती मूळ गद्यात होती. पुढे कोणी तिच्या ओळी तोडून मुक्तछंदात मांडली, आणि कोशात ती त्या रूपात आली. आमच्या मते मूळ गद्य पुरेसे होते. चांगली गप्पा कविता असल्याचे सोंग न आणताच उभी राहते.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष संपादकाच्या वाढत्या हस्तक्षेपाचा. आरंभीची यादी अनेकांच्या तोंडून आली होती. तिला मालक नव्हता. रेमंड यांनी मोठा पसारा जमविला, परंतु मूळ प्रयोगशाळांच्या बोलीत युनिक्स या दुसऱ्या परंपरेची बोली मिसळली, आणि पुढे पुढे आपली मते व आपल्या आवडीही नोंदींत शिरू दिल्या. जुन्या मंडळींनी त्यावर आक्षेप घेतला, तो आम्हांस रास्त वाटतो. संग्राहक जेव्हा प्रवक्ता होतो, तेव्हा संग्रहाचा विश्वास उणावतो.

दुसरा दोष परिशिष्टातील ‘सर्वसामान्य हॅकर’च्या व्यक्तिचित्रात आहे. त्याचे कपडे, त्याचे खाणे, त्याची मांजरे यांचे वर्णन मोठे खुसखुशीत आहे. बहुतेकांजवळ खटारा मोटार असते, पैसेवाल्यांजवळ महागडी असते आणि ती धुवावयाचे दोघेही विसरतात, हे निरीक्षण वाचून हसू येते. परंतु मूठभर प्रयोगशाळांतील, मुख्यतः पुरुषांच्या, एका वर्तुळाच्या सवयी म्हणजे यंत्रप्रेमी मनुष्याचा स्वभावच, असा त्यात भास होतो. या वर्तुळात वंशाचा भेद मानीत नाहीत, अशी ग्वाहीही तेथे आहे. ही ग्वाही वर्तुळाच्या आतून दिलेली आहे. बाहेर राहिलेल्यांची साक्ष कोशात नाही.

इतके असूनही कोश टिकला आहे. ज्या पीडीपी-10 यंत्राभोवती ही बोली वाढली, त्या मालिकेचे पुढील यंत्र घडविणे कंपनीने 1983 सालीच, म्हणजे पहिला ग्रंथ निघाला त्याच वर्षी, सोडून दिले. यंत्र गेले, शब्द राहिले.

मराठी वाचकाने हा ग्रंथ का वाचावा, याचे उत्तर आम्ही परिभाषेच्या प्रश्नाशी जोडू इच्छितो. 1960 साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले. 1961 साली केंद्रात वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग आला. त्यांनी सिद्ध केलेले शब्द आमच्या कामाच्या टेबलावर रोज येतात, आणि त्यांची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. कायद्याला आणि परिपत्रकाला नेमका शब्द लागतोच. परंतु शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’चा अनुभव लक्षात ठेवावा. फारसी शब्दांना त्याने संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही ‘अर्ज’, ‘दफ्तर’, ‘तारीख’ हे शब्द मराठीत सुखाने नांदत आहेत. परका शब्द आल्याने भाषा मरत नाही. ज्या विषयावर तिच्यात थट्टा करता येत नाही, त्या विषयापुरती ती मरते. ‘संगणक’ हा शब्द सुंदर आहे. पण संगणक अडला असता चिडून, हसून, वैतागून जे बोलावयाचे, ते कोणतीही समिती घडवून देऊ शकत नाही.

आणि ते मराठीला साधत नाही असे थोडेच आहे! आमची गाडी घाटात दम खाते, तेल पिते, थंडीच्या सकाळी रुसते. ‘सुरू होत नाही’ म्हटले की वस्तुस्थिती कळते; ‘सुरू होईना’ म्हटले की त्या यंत्राचा हट्ट दिसू लागतो आणि बोलणाऱ्याची झालेली दमछाकही दिसू लागते. चेतनगुणोक्ती एका प्रत्ययात बसविणारी ही भाषा आहे. ‘चार्जरबिर्जर घेतलास का?’ या प्रश्नात चार्जर परका असला तरी बिर्जर अस्सल आपला आहे. गाडी ती, ट्रक तो, इंजिन ते, अशी आल्या पाहुण्याची लिंगव्यवस्था आम्ही कोणाला न विचारता लावून टाकली. हॅकरांनी ज्या लकबींचे कौतुकाने वर्गीकरण केले, त्यांची सामग्री आपल्या घरात पडून आहे. तिची नोंद करणारा फिंकेल तेवढा नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना ही उणीव अधिक बोचते. आमच्या घरांत मराठी आहे. पण ती पानावर वाढताना, गणपतीत, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना. आमची मुले फोन, मोटार आणि नवी यंत्रे यांविषयी तासन्‌तास बोलतात, आणि ते बोलणे दिल्लीत हिंदीत किंवा इंग्रजीत होते. म्हणजे ज्या विषयात त्यांचा जीव रमतो, नेमक्या त्याच विषयात मराठी त्यांच्या तोंडी नसते. व्याख्याने देऊन ही स्थिती पालटावयाची नाही. तिच्यावर उपाय असेल तर तो गप्पांचाच. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील कारखान्यांत, रेल्वेत, कचेऱ्यांत यंत्राशी झटणारी मराठी माणसे आजही काही बोलत असतीलच. त्यांच्यापैकी कोणी एक वही उघडावी, ऐकलेला शब्द, तो बोलणाऱ्याचा धंदा आणि त्यामागची गोष्ट एवढे लिहून ठेवावे. ‘हॅकर्स डिक्शनरी’ची सुरुवात अशीच एका यादीने झाली. तिच्या दोषांपासून सावध राहून आपण तेवढे केले, तरी पुढच्या पिढीला हसावयास एक मराठी पुस्तक मिळेल. आणि परिभाषाकोशांच्या शेजारी ते खुशाल फळीवर उभे राहू शकेल.