एव्हरेट रॉजर्स यांची परिभाषा

विद्यापीठीय अध्यापकाच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करावयाचे म्हणजे संशोधन, अध्यापन आणि सेवा असे तीन रकाने आखून त्यांत नोंदी भरावयाच्या, असा प्रघात आहे. अमेरिकन संज्ञापनशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स (१९३१–२००४) यांच्या बाबतीत हे तिन्ही रकाने सहज भरतील. तथापि त्यांचे कार्य जगभर पोचले ते मुख्यतः पाच पारिभाषिक संज्ञांच्या रूपाने. शेतकी विस्तार, कुटुंबनियोजन, सार्वजनिक आरोग्य, व्यापार, जेथे जेथे एखादी नवी गोष्ट लोकांच्या गळी उतरवावयाची असते, तेथे तेथे या संज्ञा वापरल्या जातात. रॉजर्स यांचे नाव ज्यांना ठाऊक नाही तेही त्या वापरतात. संशोधकाच्या वाट्याला येणारे हे यश मोठेच होय. परंतु संज्ञा जेव्हा माणसांना लावल्या जातात, तेव्हा त्यांची छाननी संख्याशास्त्राइतकीच भाषेच्या कसोटीवरही झाली पाहिजे, आणि ती फारशी झालेली दिसत नाही.

रॉजर्स यांचा जन्म आयोवा राज्यातील एका शेतकरी कुटुंबातला. आयोवा स्टेट येथे शेतकीची पदवी, मग कोरियन युद्धाच्या काळात हवाई दलातील नोकरी, आणि १९५७ मध्ये ग्रामीण समाजशास्त्रातील डॉक्टरेट. ज्या संस्थेत ते शिकले तेथेच ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी संकरित मक्याच्या बियाण्याविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास केला होता. १९४३ साली प्रकाशित झालेल्या या अभ्यासात २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात नवे बियाणे स्वीकारल्याचे आढळले होते. रॉजर्स यांनी प्रबंधासाठी पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना त्यांच्या ध्यानात आले की शेतकी, शिक्षण, वैद्यक अशा एकमेकांशी बोलणे नसलेल्या शाखांत सारखेच निष्कर्ष निघत आहेत. या आढाव्यातूनच १९६२ चे ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे पुस्तक जन्मास आले. लेखकाचे वय तेव्हा तीस-एकतीस होते.

या पुस्तकात नवकल्पना स्वीकारणाऱ्यांचे पाच वर्ग केले आहेत. स्वीकाराचा काळ घंटाकृती वक्रावर मांडावयाचा आणि सरासरी व प्रमाण विचलन यांच्या आधारे तो छेदावयाचा, अशी ही रीत. पहिले २.५ टक्के ते नवप्रवर्तक, पुढचे १३.५ टक्के आद्य स्वीकारक, नंतरचे ३४ टक्के पूर्व बहुसंख्य, तितकेच उत्तर बहुसंख्य, आणि उरलेले १६ टक्के ‘लॅगर्ड’, म्हणजे रेंगाळणारे. वक्र दोन्ही बाजूंस समान; वर्गीकरण मात्र तसे नाही. डाव्या बाजूस तीन वर्ग आहेत, उजव्या बाजूस दोनच. प्रारंभीच्या अडीच टक्क्यांना स्वतंत्र नाव मिळाले. शेवटच्या अडीच टक्क्यांना ते मिळाले नाही. जे अखेरपर्यंत स्वीकारीतच नाहीत त्यांना तर या वक्रात जागाच नाही.

असमानता केवळ वर्गांच्या संख्येत नाही. पाच संज्ञांपैकी पहिल्या दोन कर्तृवाचक प्रत्ययांनी सिद्ध झालेल्या आहेत. मधल्या दोन निव्वळ संख्यावाचक आहेत. एकट्या पाचव्या संज्ञेत ‘-अर्ड’ हा प्रत्यय आहे. ‘ड्रंकर्ड’ (दारुडा), ‘कॉवर्ड’ (भेकड), ‘डलर्ड’ (मठ्ठ) या इंग्रजी शब्दांत हाच प्रत्यय येतो आणि तो निंदाव्यंजक आहे. मराठीतील भांडखोर, चहाडखोर, लाचखोर या शब्दांत ‘-खोर’ जे काम करतो, त्याच्याशी हे काम पुष्कळसे जुळते. एक वर्ग कालक्रमाने, दुसरा संख्येने आणि तिसरा शिवीने निश्चित करावयाचा, अशी ही परिभाषा आहे.

रॉजर्स यांना हे जाणवले नव्हते असे मात्र नाही. हे नाव वाईट वाटण्याजोगे आहे हे त्यांनी पुढे मान्य केले. परंतु दुसरा कोणताही शब्द योजला तरी त्यालाही लवकरच तीच अवकळा येईल, असे त्यांचे उत्तर होते. अर्थापकर्षाची प्रक्रिया मराठीलाही चांगलीच परिचित आहे. ‘बुवा’ हा आदरार्थी शब्द ‘बुवाबाजी’त कोठे येऊन पोचला आणि ‘महाभाग’ आज कोणास म्हणतात, हे सांगावयास नको. पण अर्थापकर्ष ज्यात व्हावयाचा त्या शब्दाला आरंभी तटस्थ अर्थ असावा लागतो. येथे निवडलेला शब्द प्रत्ययासकट आधीच निंदेचा होता. तेव्हा रॉजर्स यांचे उत्तर भाषाशास्त्रदृष्ट्या खरे असूनही प्रस्तुत प्रश्नाला लागू पडत नाही.

या संज्ञेविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा रॉजर्स यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे, आणि ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूणच म्हटली पाहिजे. १९५४ मध्ये ते आयोवातील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेत होते. त्यांपैकी एकाने सर्व रासायनिक औषधे नाकारली होती. त्यांनी शेतातील गांडुळे आणि गाणारे पक्षी मरतात, असे त्याचे म्हणणे होते. तत्कालीन मोजपट्टीनुसार रॉजर्स यांनी त्याला रेंगाळणाऱ्यांत घातले. काही दशकांनंतर, सेंद्रिय शेतीचे महत्त्व पटू लागल्यावर, हाच मनुष्य काळाच्या फार पुढे होता, हे त्यांनी लिहिले. खुद्द रॉजर्स यांच्या वडिलांनाही यंत्रांची मोठी हौस होती, पण संकरित मक्याला त्यांनी आठ वर्षे दाद दिली नाही. १९३६ च्या अवर्षणात शेजाऱ्याचे पीक उभे आणि आपले करपलेले पाहिल्यावर ते बदलले. एकच मनुष्य यंत्राच्या बाबतीत पुढारलेला आणि बियाण्याच्या बाबतीत रेंगाळणारा असेल, तर हे नाव त्या मनुष्याचे नव्हे, त्याच्या एका कृतीचे आहे. परिभाषेने कृतीचे विशेषण माणसाला चिकटविले, हा या कारकीर्दीतील मूळ दोष होय.

तो दोष पुढे वाढलाही. कोलंबियातील अनुभवावर आधारलेल्या १९६९ च्या पुस्तकात रॉजर्स यांनी खेडुतांच्या उपसंस्कृतीची दहा लक्षणे दिली. दैववाद, परस्परांविषयी अविश्वास, आकांक्षांचा संकोच, नावीन्याचा अभाव ही त्यांपैकी काही. जमीन कोणाची आणि कर्ज कोण देतो, हे प्रश्न या यादीपुढे मागे पडतात. पेरूमधील लॉस मोलिनोस या गावी पाणी उकळून पिण्याची मोहीम दोन वर्षे चालली आणि दोनशे गृहिणींपैकी केवळ अकरा जणींनी ती मानली, ही एडवर्ड वेलिन यांनी नोंदविलेली हकीकत रॉजर्स यांनी आवडीने सांगितली आहे. तेथे पदार्थांचे ‘उष्ण’ व ‘थंड’ असे वर्ग असून उकळलेले पाणी हे आजाऱ्याचे पाणी समजले जाई. पपई उष्ण आणि ताक थंड मानणाऱ्या मराठी घरात या स्त्रियांचे वागणे समजावून सांगावे लागणार नाही. रॉजर्स यांनी यावरून नवकल्पना लोकांच्या समजुतींशी सुसंगत असावी असा निष्कर्ष काढला, तो योग्यच आहे. मात्र शब्दांनी जगाची केलेली वाटणी हाच अभ्यासविषय होऊ शकतो, इथपर्यंत ते गेले नाहीत.

असे असले तरी, आपल्याच पंथाविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य त्यांच्याइतके थोड्यांनी दाखविले असेल. १९७६ च्या लेखात त्यांनी विकासाची जी प्रभावी विचारसरणी लयास गेल्याचे सांगितले, तिच्या उभारणीत त्यांचा स्वतःचा हातभार होता. दारिद्र्याची कारणे दरिद्री माणसाच्या स्वभावात शोधणे ही चूक होती, असा त्या लेखाचा रोख आहे. १९८१ मध्ये लॉरेन्स किनकेड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात संज्ञापनाची व्याख्याच बदलली: एकाने दुसऱ्यास संदेश पोचविणे नव्हे, तर परस्परांनी मिळून समजुतीकडे येणे. कोरियातील काही खेड्यांत बहुतेक स्त्रिया एकच संततिनियमनाचे साधन वापरतात आणि दुसऱ्या खेड्यांत दुसरेच, हे कोडे या व्याख्येने नीट उलगडते. बायका आपसांत काय बोलतात हे येथे निर्णायक होते.

महाराष्ट्राला हा विचार अगदीच अपरिचित नव्हता. १९५६ मध्ये आकाशवाणीने पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केलेल्या पाहणीत असे दिसले की, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा, ऐकल्यानंतर एकत्र बसून चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञानाची वाढ अधिक झाली.

अध्यापक म्हणून रॉजर्स ओहायो स्टेटपासून स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया आणि अखेरीस न्यू मेक्सिकोपर्यंत फिरले. विद्यार्थ्याला सहलेखक करून घेणे ही त्यांची पद्धत होती. अरविंद सिंघल हे त्यांचे भारतीय विद्यार्थी. त्यांच्यासह १९८४–८५ मधील ‘हम लोग’ या दूरदर्शन मालिकेचा जो अभ्यास झाला तो या कारकीर्दीतील विशेष रसपूर्ण भाग आहे. मालिकेतील सोशिक आई भागवंती हे स्त्रीच्या दुय्यम स्थानाचे उदाहरण म्हणून रंगविले होते. पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. संदेशाचा अर्थ ऐकणारा ठरवितो, हे १९८१ च्या व्याख्येतील तत्त्व येथे लेखकांच्या अपेक्षेपेक्षाही अधिक खरे ठरले. सेवेच्या रकान्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: १९८०–८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संज्ञापन संघटनेचे अध्यक्षपद आणि न्यू मेक्सिको येथे विभागप्रमुखपद ही ठळक पदे होत.

‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ची पाचवी आवृत्ती २००३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी निघाली. पहिल्या आवृत्तीच्या वेळी सुमारे ४०० असलेले या विषयावरील अभ्यास तोपर्यंत सुमारे ५,२०० झाले होते. पाचवी संज्ञा मात्र तशीच राहिली. कृषी विस्ताराच्या अभ्यासक्रमातून ती मराठीतही येते आणि तेथे ‘मागास’ हा प्रतिशब्द वापरण्याचा मोह होण्यासारखा आहे. या शब्दाला आपल्याकडे घटनात्मक व सामाजिक अर्थाचा वेगळा इतिहास असल्याने तो येथे सर्वथा टाळावा. ‘अंतिम स्वीकारक’ एवढे पुरे. त्यात काळ आहे, दूषण नाही. आणि जे स्वीकारीतच नाहीत त्यांच्यासाठी ‘नाकारणारे’ हा साधा शब्द हाताशी आहे. त्यांना नाकारण्याची कारणे विचारता येतात, जशी आयोवातील त्या शेतकऱ्याने न विचारताच सांगितली असतील.